कायद्याची मुदत आणि देहाची मुदत

महाराष्ट्राच्या इतिहासाशी ज्याचा थोडासाही परिचय आहे, त्याला हे वेगळे सांगावयास नको की अपत्य असणे वा नसणे ही बाब आपल्याकडे केवळ माजघरापुरती कधीच राहिली नाही. 1848 साली सातारचे छत्रपती शहाजी औरस पुत्रावाचून वारले, मृत्युसमयी त्यांनी घेतलेला दत्तक कंपनी सरकारने वारस म्हणून नामंजूर केला, आणि एका दत्तकविधानाच्या प्रश्नावरून एक राज्य खालसा झाले. पुढे पाऊणशे वर्षांनी, 1921 साली, रघुनाथ धोंडो कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले तेव्हा, मूल केव्हा व्हावे हे ठरविण्याचा अधिकार स्त्रीपुरुषांचा आहे एवढे साधे मत मांडणाऱ्या या सत्त्वशील माणसाला समाजाचा रोष पत्करावा लागला, आणि ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातील लेखनापायी अश्लीलतेच्या आरोपाखाली न्यायासनापुढेही उभे राहावे लागले. अपत्य कोणाचे मानावे, ते होऊ न देण्याची मुभा कोणास असावी, या प्रश्नांत राजसत्ता पूर्वापार हात घालीत आली आहे. परंतु अपत्याची घडणच जेव्हा देहाबाहेर, प्रयोगशाळेतील काचेच्या बशीत होऊ लागली, तेव्हा सत्तेला ज्या ठिकाणी पूर्वी शिरकावच नव्हता त्या ठिकाणी एक दार उघडले. आणि त्या दारातून आत आलेल्या कायद्याने गेल्या अर्धशतकात वंध्यत्वचिकित्सेचे रूप कसे घडविले, कोठे सावरले आणि कोठे दुखविले, हा पुढील प्रकरणांचा विषय आहे.

विषयात प्रवेश करण्यापूर्वी वाचकाने चिकित्सेचा क्रम ध्यानी घ्यावा, कारण कायद्याशी तिचा जो संघर्ष होतो तो बहुतेक वेळा याच क्रमात दडलेला असतो. स्त्रीच्या बीजकोशांना संप्रेरकांची इंजेक्शने देऊन एकाच ऋतुचक्रात अनेक स्त्रीबीजे पक्व केली जातात. बारीक सुईने ती बाहेर घेतली जातात. शुक्राणूशी त्यांचा संयोग घडविला जातो. आणि तयार झालेले भ्रूण तीन ते पाच दिवसांनी गर्भाशयात सोडले जाते किंवा द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे 196 अंशांच्या थंडीत, पुढील प्रयत्नासाठी राखून ठेवले जाते. पहिल्या इंजेक्शनापासून भ्रूण तयार होईपर्यंत काही आठवडे जातात, पण भ्रूण तयार होण्यापासून मूल हाती येईपर्यंत कधी कधी अनेक वर्षे जातात. मध्ये गर्भपात होतात, कर्करोगासारखे आजार उद्भवतात, पैसा संपतो, महामारी येते. या अवधीत नायट्रोजनमधील भ्रूणाचे वय वाढत नाही. स्त्रीचे मात्र वाढते, आणि पस्तिशीनंतर तिच्या बीजांची संख्या व गुणवत्ता दोन्ही झपाट्याने उतरू लागतात. मसुद्यांच्या, समित्यांच्या आणि तारखांच्या संथ गतीने चालणारा कायदा आणि परत न येणाऱ्या महिन्यांनी मोजला जाणारा देह, या दोहोंच्या कालगणनेतील तफावत हेच या सर्व इतिहासाचे मर्म आहे, असे माझे मत झाले आहे.

भारतात या इतिहासाचा आरंभच एका शोकांतिकेने झाला. इंग्लंडमधील ओल्डहॅम येथे 25 जुलै 1978 रोजी जगातील पहिली ‘टेस्ट-ट्यूब बेबी’ जन्मली, आणि त्यानंतर अवघ्या सव्वादोन महिन्यांनी, 3 ऑक्टोबर रोजी, कलकत्त्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून भारतातील पहिल्या अशा बालिकेचा जन्म झाला. ज्यांनी या संशोधनाचे कौतुक करावयाचे त्या राज्य सरकारने त्याच्या चौकशीसाठी समिती नेमली, तिचे अध्यक्षपद रेडिओ-भौतिकीच्या प्राध्यापकाकडे सोपविले, आणि समितीने डॉक्टरांचा दावा अमान्य केला. परदेशी जाऊन आपले काम मांडण्याची परवानगीही त्यांना मिळाली नाही, आणि 1981 च्या जून महिन्यात त्यांनी आत्महत्या केली. मुंबईत के. ई. एम. रुग्णालयात 6 ऑगस्ट 1986 रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्या प्रयत्नांनी जी मुलगी जन्मली, ती शास्त्रीय पुराव्यानिशी नोंदलेली पहिली भारतीय ‘टेस्ट-ट्यूब बेबी’ ठरली; आणि त्याच आनंदकुमारांनी 1997 साली मुखोपाध्यायांच्या टिपणवह्या वाचून हा मान आपला नसून त्यांचा आहे, असे जाहीरपणे सांगितले. शास्त्रज्ञाच्या अंगच्या अशा प्रांजळपणाची उदाहरणे आपल्या विद्याजगतात फार नाहीत, म्हणून येथे त्याचा उल्लेख आदराने करतो.

कायदा नसण्याचा काळ त्यानंतरही दीर्घ चालला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने 2005 साली मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, परंतु त्यांच्यामागे दंडाचे बळ नव्हते, आणि जे पाळावयाचे की न पाळावयाचे हे पाळणाऱ्याच्याच मर्जीवर सोडलेले असते त्याला नियमन म्हणणे कठीण. गुजरातमधील आणंद हे दुधासाठी ख्यातकीर्त असलेले गाव या काळात सरोगसीसाठी जगभर ओळखले जाऊ लागले. 2008 साली तेथे जन्मलेल्या एका बालिकेचे जपानी आईवडील तिच्या जन्मापूर्वीच विभक्त झाले, आणि तिला कोणाच्या नावाने पासपोर्ट द्यावा हा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. त्याच वर्षी त्याच गावी सरोगेट मातेच्या पोटी जन्मलेली एका जर्मन पित्याची जुळी मुले कोणत्याच देशाची नागरिक ठरेनात, तेव्हा भारतीय मातेच्या पोटी भारतात जन्मल्याने ती भारतीयच होत, असा निर्णय 2009 साली गुजरात उच्च न्यायालयाने दिला. आपल्या मुंबईतही 2010 साली सतरा वर्षांची एक गरीब मुलगी स्त्रीबीज दिल्यानंतर थोड्याच दिवसांत मरण पावली, आणि अल्पवयीन मुलीच्या देहातून बीजे काढली जातात ती कोणाच्या परवानगीने, हा प्रश्न उच्च न्यायालयासमोर आला. या मुलीचे स्मरण पुढील सर्व विवेचनात वाचकाने जागे ठेवावे, ही माझी विनंती आहे. कारण कायदा जाचक आहे अशी तक्रार करणाऱ्या आम्हां सर्वांना, कायदा नव्हता तेव्हा जाच कोणाला होता, याचे उत्तर तिच्या मृत्यूत मिळते.

मसुदे मात्र निघत राहिले. 2008, 2010 आणि 2014 साली विधेयकांचे आराखडे झाले, 2009 साली विधी आयोगाने आपला 228 वा अहवाल दिला, आणि दरम्यान सरकारने कायद्याऐवजी परिपत्रकांवर काम भागविले. 2012 साली व्हिसाच्या नियमांतून सरोगसी विवाहित परदेशी जोडप्यांपुरती मर्यादित केली गेली, तर 2015 च्या अखेरीस परदेशीयांना पूर्णच मज्जाव करण्यात आला. अखेर 2021 च्या डिसेंबरात संसदेने दोन अधिनियम संमत केले, एक सहाय्यक पुनरुत्पादन तंत्रज्ञानाच्या नियमनाचा आणि दुसरा सरोगसीच्या नियमनाचा, आणि 25 जानेवारी 2022 पासून दोहोंचा अंमल सुरू झाला.

पहिल्या अधिनियमाने वंध्यत्व-केंद्रांच्या दैनंदिन कारभारात जो पालट घडविला, तो बाहेरच्या माणसाला सहसा दिसत नाही. केंद्रांची त्यांच्या कामानुसार दोन स्तरांत विभागणी झाली, बीजांच्या पेढ्या केंद्रांपासून कायद्याने वेगळ्या काढण्यात आल्या, प्रत्येकास नोंदणी आवश्यक झाली आणि ती नोंदणी पाच वर्षांपुरतीच वैध राहिली. उपचार घेणाऱ्या स्त्रीचे वय 21 ते 50 आणि पुरुषाचे 21 ते 55 या मर्यादेत असावे असे ठरले. स्त्रीबीज देणारी 23 ते 35 वर्षांची असावी, तिने आयुष्यात एकदाच बीजदान करावे, तिच्या देहातून सातांहून अधिक बीजे काढू नयेत, तिचा बारा महिन्यांचा विमा उतरावा, आणि एका दात्याचे बीज एकाहून अधिक जोडप्यांस देऊ नये, अशा तरतुदी झाल्या. नियमभंगाबद्दल पहिल्या वेळी पाच ते दहा लाख रुपये दंड, आणि पुन्हा घडल्यास तीन ते आठ वर्षे कैद.

यांतील प्रत्येक कलमामागे मुंबईच्या त्या मुलीसारखी कोणी ना कोणी उभी आहे, हे मान्य केल्यावरही व्यवहारात काय घडले ते पाहिले पाहिजे. पूर्वी एका दात्रीची बीजे दोन-तीन जोडप्यांत वाटली जात आणि खर्चही वाटला जाई. आता एका जोडप्यास एक दात्री, आणि तीही जन्मात एकदाच, असे झाल्याने दात्री मिळणे दुर्मीळ झाले आणि उपचाराचा खर्च चढला. बीजकोशांस उत्तेजन दिल्यावर किती बीजे पक्व होतील हे कोणाही डॉक्टरच्या हाती नसते. दहा-बारा पक्व झाली तरी सातांवर थांबावयाचे, आणि त्या सातांतून भ्रूण टिकले नाही तर त्याच दात्रीकडे पुन्हा जाण्याची वाट बंद. दात्रीच्या देहावर पुनःपुन्हा होणारा आघात थांबविणे हे या मर्यादेचे प्रयोजन योग्यच आहे, परंतु आघात होतो तो उत्तेजनाने आणि सुईने. एकाच बैठकीत सातावे बीज घेतले आणि आठवे सोडले याने तो कमी होत नाही. कायद्याची दिशा बरोबर असूनही त्याचा आकडा चुकू शकतो, याचे हे उदाहरण होय.

सरोगसीच्या अधिनियमाची कथा याहून नाट्यमय आहे. पैसे घेऊन गर्भ वाहणे त्याने गुन्हा ठरविले. केवळ परोपकारबुद्धीने, वैद्यकीय खर्च आणि छत्तीस महिन्यांचा विमा एवढ्यावरच, 25 ते 35 वयाच्या, स्वतःचे मूल असलेल्या विवाहित वा पूर्वविवाहित स्त्रीने आयुष्यात एकदाच सरोगेट व्हावे अशी मुभा ठेवली. इच्छुक दांपत्यात स्त्री 23 ते 50 आणि पुरुष 26 ते 55 वर्षांचा असावा. एकट्या स्त्रियांपैकी केवळ विधवा व घटस्फोटित, त्याही 35 ते 45 वयाच्या, पात्र ठरल्या. अविवाहितांस आणि समलिंगी जोडप्यांस दार बंद राहिले. ज्यांस दार उघडे होते त्यांनाही जिल्हा वैद्यकीय मंडळाचा दाखला, मॅजिस्ट्रेटचा पालकत्वाचा हुकूम, विम्याचे कागद आणि पात्रतेचे प्रमाणपत्र असे दफ्तर जमविल्यावाचून आत पाऊल टाकता येत नाही. या दफ्तराला जे महिने लागतात ते कोणत्या वयातून वजा होतात हे पुन्हा सांगावयास नको.

14 मार्च 2023 रोजी अधिनियमाला अथवा त्याच्या कलमांना स्पर्श न करता, नियमांना जोडलेल्या संमतिपत्राच्या नमुन्यातील एक परिच्छेद बदलण्यात आला, आणि सरोगसीसाठी स्त्रीबीज व शुक्राणू दोन्ही इच्छुक दांपत्याचीच असली पाहिजेत, दात्याचे बीज चालणार नाही, असे ठरले. ज्या स्त्रीला जन्मतःच गर्भाशय नाही आणि बीजकोशही काम देत नाहीत, तिच्यासाठी सरोगसीचा मार्ग एका नमुन्यातील एका ओळीने बंद झाला. अशाच एका स्त्रीच्या अर्जावर त्या वर्षीच्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने त्या ओळीस तिच्यापुरती स्थगिती दिली. ज्या वैद्यकीय कारणास्तव नियमच सरोगसीची परवानगी देतो, त्याच कारणाने पीडित स्त्रीला नमुन्याने अडवावे ही विसंगती न्यायमूर्तींनी दाखवून दिली. पुढे 21 फेब्रुवारी 2024 रोजी सरकारने नियम पुन्हा बदलला आणि पतिपत्नींपैकी एकास वैद्यकीय अडचण असल्यास, जिल्हा मंडळाच्या दाखल्यानिशी, दात्याचे बीज वापरण्यास परवानगी दिली. बदल आणि बदलाचा बदल यांत अकरा महिने गेले. सरकारी दफ्तरात अकरा महिने म्हणजे तत्परताच म्हणावी लागेल. परंतु त्रेचाळीस-चव्वेचाळीस वर्षांची जी स्त्री या अकरा महिन्यांत केंद्राच्या बाकावर बसून होती, तिला ते कोणी परत दिले नाहीत.

याहून गंभीर चूक मूळ अधिनियमातच होती. त्याच्या अखेरीस एक संक्रमणकालीन तरतूद आहे: अंमल सुरू होतेवेळी ज्या सरोगेट माता आधीच गर्भवती होत्या त्यांच्या हितासाठी दहा महिन्यांची मुदत. म्हणजे उदरातील गर्भाचा विचार संसदेने केला. ज्यांचे भ्रूण नायट्रोजनमध्ये होते, ज्यांनी कायद्याने कोणतीही वयोमर्यादा नसताना उपचार सुरू केले होते, त्यांचा केला नाही. 25 जानेवारीच्या एका सकाळी ही माणसे अपात्र ठरली. चालू उपचारांसाठी तरतूद असावी हे केरळ उच्च न्यायालयाने 2022 च्या अखेरीसच अधिकाऱ्यांच्या निदर्शनास आणले होते. अखेर 9 ऑक्टोबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की अंमलापूर्वी ज्या दांपत्यांनी भ्रूण गोठविले होते त्यांना सरोगसी अधिनियमाची वयोमर्यादा लागू होणार नाही. जो अधिकार त्यांना आधीच प्राप्त झाला होता तो नंतरच्या कायद्याने हिरावता येत नाही. निर्णय न्याय्य आहे, निःसंशय आहे, आणि तो यावयास पावणेचार वर्षे लागली.

परदेशांनी हे दुःख आपल्याआधी भोगले आहे. इंग्लंडने 1990 साली कायदा केला, परवाने देणारे स्वतंत्र प्राधिकरण नेमले, आणि गोठविलेल्या भ्रूणांस पाच वर्षांची मुदत घातली. ती मुदत संपताच 1996 च्या ऑगस्टात, ज्यांच्या पालकांचा होकार मिळाला नाही असे तीन हजारांहून अधिक भ्रूण नष्ट करण्यात आले. त्याच देशात 2022 पासून, दर दहा वर्षांनी संमतीचे नूतनीकरण करीत, 55 वर्षांपर्यंत ते ठेवता येतात. इटलीने 2004 साली एका वेळी तीनच भ्रूण निर्माण करावेत आणि सर्व एकदम गर्भाशयात सोडावेत असा हट्ट धरला, ज्यायोगे तरुण स्त्रियांस जुळ्यातिळ्यांचा धोका आणि प्रौढ स्त्रियांस अपयश पत्करावे लागले. पाच वर्षांनी तेथील घटना-न्यायालयाने ती तरतूद रद्द केली.

फ्रान्सची रीत मला अधिक विचारी वाटते. 1994 साली पहिले जैवनीतिविषयक कायदे करतानाच त्यांचा ठरावीक काळाने फेरविचार व्हावा अशी सोय त्या देशाने करून ठेवली, आणि त्यानुसार 2004, 2011 व 2021 साली ते कायदे नव्याने तपासले गेले. शेवटच्या खेपेस तर संसदेपूर्वी नागरिकांच्या सार्वजनिक चर्चासभाही भरल्या. 2 ऑगस्ट 2021 च्या कायद्याने एकट्या स्त्रियांस व स्त्री-जोडप्यांस उपचाराचा हक्क मिळाला, आणि दात्याच्या बीजापासून जन्मलेल्या मुलास अठराव्या वर्षी आपल्या जनकाची ओळख जाणून घेण्याचा अधिकार मिळाला. तेथेही हक्क कागदावर आला त्या दिवशी शुक्राणुपेढ्यांत बीजे तेवढीच होती, त्यामुळे प्रतीक्षेच्या रांगा लांबल्या. परंतु जुन्या अनामिक दात्यांची बीजे कधीपर्यंत वापरावीत यासाठी संक्रमणाचा काळ नेमला गेला, 31 मार्च 2025 ही तारीख जाहीर झाली, आणि रुग्ण व केंद्रे यांना तयारीस अवधी मिळाला. कायदा बदलणारच, तो कोणत्या तारखेस आणि कोणासाठी बदलणार हे आधी सांगणे मात्र सरकारच्या हाती असते.

या विवेचनावरून मी नियमनाच्या विरुद्ध आहे असा कोणी समज करून घेऊ नये. गर्भलिंगचिकित्सेला आळा घालणारा कायदा देशात सर्वप्रथम महाराष्ट्राने 1988 साली केला, आणि केंद्राचा कायदा त्यानंतर सहा वर्षांनी आला. पुढे त्याची अंमलबजावणी व्हावी म्हणून सर्वोच्च न्यायालयाचा दरवाजा ठोठावणाऱ्यांत मुंबई व पुण्याच्या संस्था होत्या. तंत्र डॉक्टरच्या हाती निरंकुश सोडले तर मुलींचे काय होते हे ज्या राज्याने पाहिले आहे, त्या राज्यातील लेखकाने कायदा नको म्हणणे हा कृतघ्नपणा होईल. माझे म्हणणे वेगळे आहे. वयाची, विवाहाची, बीजाच्या मालकीची जी बंधने ठरविली गेली, त्यांपैकी काही दुर्बलांच्या रक्षणार्थ आहेत आणि काही कुटुंब कसे असावे याविषयीच्या रूढ समजुतींच्या रक्षणार्थ. पहिली कठोरपणे पाळली जावीत, दुसरी पुनःपुन्हा तपासली जावीत. घटस्फोटितेला जे देता येते ते अविवाहितेला का नाकारावे, याचे वैद्यकशास्त्रात कोणतेही उत्तर मला आढळले नाही.

आणखी एक गोष्ट. गेल्या चार वर्षांत या कायद्यांविषयी न्यायालयांत जे अर्ज गेले ते प्रामुख्याने इच्छुक पालकांचे आणि डॉक्टरांचे होते. बीज देणारी स्त्री आणि गर्भ वाहणारी स्त्री या दोघींचा स्वतःचा आवाज त्यांत क्वचितच ऐकू येतो. व्यापार बंद झाल्यावर आणंदसारख्या गावांतील ज्या बायकांचे उत्पन्न गेले, त्यांच्याविषयी अधिनियमांत एक अक्षर नाही. पुढील प्रकरणांत जेथे त्यांच्याविषयी काही सांगता आले आहे तेथे वाचकाने सावकाश वाचावे.

ज्यांच्या हाती पुढची दुरुस्ती आहे त्यांच्याकडे एकच मागणे आहे. कोणताही नियम, परिपत्रक अथवा संमतिपत्राचा नमुना बदलण्यापूर्वी, त्या दिवशी उपचार चालू असलेल्या स्त्रीचे, गोठवून ठेवलेल्या तिच्या भ्रूणाचे आणि तिच्यासाठी गर्भ वाहणाऱ्या स्त्रीचे काय होईल, हे त्याच कागदावर, त्याच सहीखाली लिहावे.